परत फिरायची अट निघण्याआधी ठरवा

पावसाळा सरला, धरणे भरली आणि बॅकवॉटरवरच्या मुक्कामी मोहिमांची आखणी सुरू झाली. कॅनू, कयाक, तंबू आणि शिधा घेऊन दोन-तीन दिवस पाण्याकाठाने फिरणारे गट यंदाही निघतील. परतल्यावर एकत्र बसून ‘पुढच्या वेळी काय सुधारायचे’ हे लिहून काढण्याची पद्धत आता बऱ्याच संस्थांनी लावून घेतली आहे, हे चांगलेच झाले. पण या नोंदी वाचल्या तर त्यांत बहुतेक सामानच भेटते. ड्राय बॅग मोठी हवी, हेडटॉर्चचे जादा सेल घ्यावेत, तंबूच्या खुंट्या मोजून भराव्यात, रॉकेल कमी पडले. हे सगळे उपयोगाचे आहे, पण पाण्यावर माणसे दगावतात ती खुंट्या कमी पडल्यामुळे नव्हे.

कॅनडातल्या टिमिस्कामिंग सरोवरावरची दुर्घटना प्रत्येक मोहीमप्रमुखाने अभ्यासावी अशी आहे. ११ जून १९७८ रोजी ओंटारिओतल्या एका शाळेची २७ मुले आणि ४ शिक्षक बावीस फुटी चार कॅनूंमधून निघाले. जेम्सच्या उपसागरापर्यंतचा कित्येक आठवड्यांचा पल्ला डोळ्यांसमोर होता. रात्रभर गाडीने प्रवास करून सकाळी ते पाण्यावर उतरले. दिवस मावळेपर्यंत बारा मुले आणि एक शिक्षक गेले होते. एक कॅनू उलटली, तिच्या मदतीला गेलेल्यांचाही तोल गेला आणि अखेर चारपैकी तीन कॅनू पाण्यात आडव्या झाल्या. जेम्स राफन यांनी पुढे ‘डीप वॉटर्स’ या पुस्तकात या मोहिमेचा सविस्तर मागोवा घेतला.

आपल्या नेहमीच्या यादीत ही मोहीम नापास झाली नसती. लाइफ जॅकेट होती आणि ती अंगात घातलेलीही होती. पण लाइफ जॅकेट माणसाला तरंगत ठेवते, ऊब देत नाही, आणि जूनमध्येही त्या सरोवराचे पाणी जीव घेण्याइतके थंड होते. घात झाला तो आधी घेतलेल्या, किंवा घ्यायचे राहून गेलेल्या निर्णयांत. जागरणानंतर लगेच निघायचे का? एक कॅनू उलटली तर बाकीच्यांनी काय करायचे? वारा वाढला तर कुठे थांबायचे? या प्रश्नांची उत्तरे काठावर पाय असतानाच तयार हवी होती.

वाऱ्याचेच बघा. वारा पाठीमागून असला की निघताना पाणी शांत दिसते, कारण त्या काठापाशी लाटा उठायला वाऱ्याला जागाच मिळालेली नसते. जसजसे पुढे जावे तसतशा लाटा उंचावतात. कॅनूचा मागचा भाग लाटेवर उचलला जातो, सुकाणू धरणाऱ्याचे वल्हे क्षणभर हवेत राहते आणि नाव आडवी व्हायला बघते. आता परत फिरावे म्हटले तर वळताना संपूर्ण बाजू लाटेला द्यावी लागते. परतायची वेळ झाली हे कळते तेव्हा परतणेच सर्वांत धोक्याचे झालेले असते. म्हणून ही अट निघण्याआधी ठरवायची, पाण्यावर नव्हे.

आपल्याकडे पाणी तितके थंड नसते, म्हणून गाफील राहणे बरे नव्हे. उन्हाळ्यात दुपारनंतर घाटमाथ्यावर पश्चिमेचा वारा धरतो. कोयनेचे खोरे उत्तर-दक्षिण, त्यामुळे शिवसागरावर तो बहुधा आडवाच येतो. पश्चिम काठाला अभयारण्य असल्याने वाटेल तिथे तंबू ठोकता येत नाही. मग ठरलेला मुक्काम गाठायचाच, ही घाई प्रमुखाच्या मानगुटीवर बसते. त्यावर उपाय एकच. अडीअडचणीला कुठे उतरायचे, ते वनखात्याच्या कार्यालयाशी आधी बोलून ठरवावे आणि नकाशावर खूण करून प्रत्येक नावेत द्यावे.

म्हणून आमची सूचना अशी की, मोहिमेनंतरच्या प्रत्येक नोंदीतून किमान एक नियम निघावा, आणि तो ‘असे झाले तर असे करायचे’ या साच्यात लिहावा. रात्रीचा प्रवास झाला असेल तर पहिल्या दिवशी लांबचा पल्ला नाही, काठाजवळ सराव फक्त. पाण्यावर पांढरा फेस दिसू लागला की ओलांडणी बंद, जवळचा काठ धरायचा. सर्वांत अनुभवी वल्हेकरी शेवटच्या नावेत, आणि दोन नावांत हाक ऐकू येईल इतकेच अंतर. एक नाव उलटली तर मदतीला एकच नाव जाईल, बाकीच्या काठाला लागतील.

हे नियम कागदावर राहिले तर फुकट. उलटलेली कॅनू दुसरीच्या काठांवर आडवी ओढून घ्यायची, पाणी निथळू द्यायचे, सुलटी करून परत पाण्यात सोडायची आणि मग माणसांना आत घ्यायचे, हा प्रकार पाहताना सोपा वाटतो. सामानाने भरलेल्या नावेवर आणि दमलेल्या हातांनी तो करून पाहिला की कोणाला काय जमत नाही ते लगेच उघडे पडते. हा सराव पहिल्या सकाळच्या वेळापत्रकात असायलाच हवा, चहा-नाश्त्याइतका पक्का.

गटाच्या आकाराबाबतही थोडी कठोरता हवी. अमेरिकेतल्या मिनेसोटामधील बाउंड्री वॉटर्स या संरक्षित जलारण्यात एका गटात नऊ माणसे आणि चार नावा यापलीकडे परवानगी मिळत नाही. तिथे त्यामागे निसर्ग आणि एकांत जपण्याचा हेतू मोठा आहे, पण नऊ माणसे एका नजरेत राहतात हा फायदा प्रमुखाला आयताच मिळतो. आपल्याकडे एका प्रमुखामागे पंचवीस-तीस जण पाठवून हिशेब जुळवण्याचा मोह होतो. परवडत नसेल तर दोन गट करा, दोन प्रमुख द्या, शुल्क वाढवा. आलेल्यांना त्याचे कारण सांगा, बहुतेकांना ते पटते.

शेवटचा मुद्दा अधिकाराचा. ‘थांबूया’ म्हणण्याचा हक्क गटातल्या सर्वांत नवख्या माणसालाही हवा, आणि तो म्हणाला तर त्याची थट्टा होणार नाही याची हमी प्रमुखाने पहिल्याच बैठकीत द्यावी. या हंगामातल्या तुमच्या मोहिमांचे असे नियम आमच्याकडे पाठवा. कुठली अट वापरावी लागली आणि कुठून परत फिरलात, तेही लिहा. अर्ध्यातून परतलेल्या मोहिमांचे वृत्तांत आपण फार कमी छापतो. यंदा त्यांना पहिली पाने देऊ.