वाहन चालवताना मोबाईल : दंड मोठा हवा की नक्की?

मोटार वाहन कायद्यात २०१९ साली मोठी दुरुस्ती झाली. ती १ सप्टेंबर २०१९ पासून अमलात आली आणि वाहन चालवताना हातात मोबाईल धरणे हे ‘धोकादायक रीतीने वाहन चालवणे’ या गुन्ह्यात, म्हणजे कलम १८४ मध्ये, जाऊन बसले. पहिल्या गुन्ह्याला १,००० ते ५,००० रुपये दंड किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही. तीन वर्षांच्या आत पुन्हा सापडल्यास दंड १०,००० रुपये. पूर्वी पहिल्या गुन्ह्याच्या दंडाची कमाल मर्यादा हजार रुपये होती. त्या वेळी केवढा गदारोळ झाला! गुजरातने त्याच महिन्यात अनेक दंड कमी केले. महाराष्ट्राने अंमलबजावणीच थांबवली. आपल्याकडे वाढीव दंड डिसेंबर २०२१ मध्ये लागू झाले. सगळा वाद एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिला : दंड फार जास्त आहे की काय? माझ्या मते हा प्रश्न दुय्यम आहे.

आधी गुन्हा कशाचा आहे ते पाहू. त्यासाठी नववीचे गणित पुरे.

समजा, एक मोटार ताशी ६० किलोमीटर वेगाने चालली आहे. म्हणजे सेकंदाला सुमारे १६.७ मीटर. समोर अचानक एक मूल रस्त्यावर आले. डोळ्यांनी पाहणे, मेंदूला उमगणे आणि पाय ब्रेकवर जाणे याला सावध चालकाला एक सेकंद लागतो असे धरा. तेवढ्यात मोटार १६.७ मीटर पुढे गेलेली असते. कोरड्या डांबरी रस्त्यावर घर्षणगुणांक ०.७ धरला, तर ब्रेक लागल्यानंतर ती आणखी सुमारे २० मीटर जाऊन थांबते. एकूण अंतर ३७ मीटर. आता दुसरा चालक घ्या. वेग तोच, मोटार तशीच. पण तो फोनवर बोलत असल्यामुळे त्याला अर्धा सेकंद उशीर झाला. पहिली मोटार जिथे पूर्ण थांबली त्या जागी या मोटारीचा वेग किती असेल? उत्तर वाचण्याआधी वहीत काढून पाहा. ते ताशी सुमारे ३८ किलोमीटर येते. मूल ३८ मीटरवर असेल, तर पहिल्या चालकाला फक्त घाम फुटेल. दुसऱ्याचे काय होईल, ते सांगायला नको.

“पण साहेब, मी फोन हातात धरतच नाही, कानात यंत्र घालून बोलतो,” असे अनेकजण अभिमानाने सांगतात. इथे मात्र विज्ञान त्यांच्या बाजूने नाही. रेडेलमायर आणि टिबशिरानी या कॅनडातील संशोधकांनी टोरांटोच्या ६९९ चालकांच्या अपघातांची वेळ त्यांच्या फोनच्या नोंदींशी ताडून पाहिली. एकूण २६,७९८ फोनकॉल तपासले. १९९७ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की फोन चालू असताना टक्कर होण्याचा धोका सुमारे चौपट होतो. आणि हात मोकळे ठेवणाऱ्या फोनांचा काही विशेष फायदा दिसला नाही. कारण अडचण हाताची नसून अवधानाची आहे. १९९९ मधला सायमन्स आणि शाब्री यांचा प्रयोग तुमच्यापैकी काहींना माहीत असेल. चित्रफितीतल्या खेळाडूंनी चेंडू किती वेळा एकमेकांकडे टाकला ते मोजायला सांगितले, तेव्हा खेळाडूंच्या मधून चालत गेलेला गोरिलाच्या वेशातला माणूस जवळपास निम्म्या प्रेक्षकांना दिसलाच नाही! डोळे उघडे होते, पण मन मोजण्यात गुंतले होते.

मग शेजारी बसलेल्या माणसाशी बोलणे का चालते? कारण त्यालाही रस्ता दिसतो. घाटात वळण आले, ट्रक अंगावर आला, की तो आपोआप गप्प होतो; कधी “अहो, जपून!” म्हणून ओरडतो. फोनच्या पलीकडचा माणूस मात्र आपल्या सोयीने बोलत राहतो.

आपला कायदा हातात धरलेल्या उपकरणाबद्दल बोलतो. मार्ग पाहण्यासाठी उपकरण वापरण्याची सवलत ऑक्टोबर २०२० पासून नियमातच आहे; अट एवढीच, की चालकाची एकाग्रता भंगू नये. कानात यंत्र घालून बोलणे गुन्हा ठरवावे का? शास्त्र म्हणेल, ठरवावे. पण चारचाकीत एकटाच बोलणारा चालक फोनवर बोलतो आहे, गाणे म्हणतो आहे, की देवाचे स्तोत्र, हे चौकातल्या पोलिसाने कसे ओळखावे? जो गुन्हा पकडता येत नाही त्याला दंड लावला, की लोक सगळ्याच दंडांना हसू लागतात. म्हणून मी तरी तूर्त ही मागणी करणार नाही.

आता दंडाचे गणित. सेझारे बेकारिया या इटालियन विचारवंताने १७६४ सालीच प्रतिपादन केले होते, की गुन्ह्याला आळा बसतो तो शिक्षेच्या क्रूरपणाने नव्हे, ती अटळ असल्याने. आकड्यांत पाहा. समजा, दहा हजार वेळा फोन वापरला तर एकदा पकडले जाते आणि दंड १,००० रुपये आहे. मग दर वेळची ‘किंमत’ पडली १० पैसे. दंड पाचपट केला तरी ती ५० पैसेच. उलट पन्नासांत एकदा पकडले जात असेल, तर २०० रुपयांच्या दंडानेसुद्धा दर वेळची किंमत चार रुपये होते. आकडे मी कल्पनेने घेतले आहेत, पण दिशा स्पष्ट आहे. शिवाय महाराष्ट्रात ई-चलनांची कोट्यवधी रुपयांची रक्कम थकलेली आहे. न भरलेला दंड कितीही मोठा असला तरी शून्यच.

ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्याने डिसेंबर २०१९ मध्ये रस्त्यावर उंच कॅमेरे बसवले. ते काचेतून चालकाच्या हातांचे छायाचित्र घेतात; संगणक संशयास्पद चित्रे निवडतो आणि माणूस ती तपासतो. पहिले तीन महिने फक्त इशाऱ्याची पत्रे पाठवली, दंड नंतर. ही पद्धत मला आवडली. ब्रिटनमध्ये १ डिसेंबर २००३ पासून हातातल्या फोनवर बंदी आली तेव्हा दंड ३० पौंड होता. मार्च २०१७ पासून तो २०० पौंड झाला, आणि परवान्यावर सहा दोषगुणही नोंदले जाऊ लागले. परवाना मिळून दोन वर्षे झाली नसतील, तर या सहा गुणांनीच तो रद्द होतो. हे दोषगुण पैशापेक्षा न्याय्य आहेत असे मला वाटते. हजार रुपये म्हणजे रिक्षावाल्याची एक-दोन दिवसांची कमाई, तर बंगलेवाल्याचे एका रात्रीचे जेवण. परवाना मात्र दोघांचा एकच असतो.

घरोघर जेवण पोचवणाऱ्या मुलांचा विचारही करायला हवा. पत्ता फोनवर, पुढचे काम फोनवर, उशिराची तक्रारही फोनवर. दंड तो भरतो. फोन वाजवणारा भरत नाही.

आणि फोन वाजवणाऱ्यांत तुम्हीही आहात. बाबा कामावरून स्कूटरने निघालेले असतात आणि “येताना वही आणा” हे सांगायला घरून फोन जातो. हेल्मेटमध्ये फोन खोचून बोलणारा माणूस बहुतेक वेळा कोणा घरच्याशीच बोलत असतो. त्यावर कलम नाही आणि नसावेही. पण “गाडीवर असाल तर नंतर बोलू” असे म्हणून फोन ठेवायला कायदा लागत नाही.

२०२२ या एका वर्षात भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली. म्हणजे दिवसाला सरासरी ४६२. त्यांतली किती फोनमुळे, हा आकडा मी मुद्दाम देत नाही, कारण टक्कर झाल्यावर “मी बोलत होतो” असे कोण लिहून देईल? म्हणूनच गंभीर अपघाताच्या तपासात फोनची नोंद मागवणे सक्तीचे करावे. टोरांटोच्या संशोधकांनी वापरलेली तीच युक्ती.

शिक्षकांना एक प्रयोग सुचवतो. मुलाच्या उघड्या चिमटीत पट्टीचे शून्य धरा, न सांगता सोडा आणि किती सेंटिमीटरवर पकडली ते पाहा. २० सेंटिमीटर म्हणजे प्रतिक्रिया-काल ०.२ सेकंद. मग त्याच मुलाला फोनवर कोणाशी तरी बोलता बोलता १०० पासून सात-सात वजा करत जायला सांगा आणि पट्टी पुन्हा सोडा. दहा मुलांची सरासरी फळ्यावर लिहा. या दुसऱ्या फेरीसाठी मीटरपट्टी जवळ ठेवा. ३० सेंटिमीटरची कदाचित पुरणार नाही.