गुडघा रुग्णाचा, प्रश्नावली कोणाची?

संधिगतवाताचे रुग्ण आपल्यापैकी कोणाच्या चिकित्सालयात नाहीत? स्नेहन, स्वेदन, जानुबस्ती आपण करतो, गुग्गुळाचे कल्प योजतो आणि मांडीच्या स्नायूंना बळ देणाऱ्या व्यायामासाठी रुग्णास फिजिओथेरपिस्टकडेही पाठवितो. नियमित व्यायामाने गुडघ्याची वेदना उणावते, हे अनेक चाचण्यांतून दिसले आहे. त्याविषयी आमचे दुमत नाही. आमचा प्रश्न एवढाच, की रुग्णास उपशय मिळाला हे ठरविताना त्याला स्वतःला कोणी विचारतो काय?

जगभर वापरली जाणारी ‘वोमॅक’ प्रश्नावली कॅनडात सिद्ध झाली. तिच्या २४ प्रश्नांत मोटारीत चढणे-उतरणे, पायमोजे घालणे, स्नानाच्या टबात शिरणे हेही येते. आपल्याकडील शेतमजूर स्त्रीस यातले काय लागू पडते? तिला उकिडवे बसून खुरपायचे असते, धार काढायची असते, शौचास बसायचे असते. पुण्यातील संधिवाततज्ज्ञांनी या प्रश्नावलीचे भारतीय रूप वापरात आणले, हे मोठेच काम होय.

त्याच परंपरेतील भिगवणचा प्रकल्प वैद्यांनी अवश्य अभ्यासावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या सहयोगातील ‘कॉपकॉर्ड’ उपक्रमात डॉ. अरविंद चोप्रा व सहकाऱ्यांनी १९९६ साली या गावात पाहणी सुरू केली. प्रशिक्षित स्वयंसेवक घरोघरी गेले आणि प्रौढांपैकी सुमारे १८ टक्के लोकांत सांधे-स्नायूंच्या तक्रारी आढळल्या. हे दुखणे घेऊन रुग्णालयाची पायरी न चढणारेही त्या मोजणीत आले, हे आम्हांस विशेष वाटते.

परंतु मोजणीत येणे निराळे आणि संशोधनात भागीदार होणे निराळे. चिकित्सेच्या चाचण्यांतून सामान्यतः अतिवृद्ध व इतर व्याधींनी ग्रस्त रुग्ण वगळले जातात. रोज केंद्रावर येण्याची अट घातली की रोजंदारीवरचा माणूस आपोआप गळतो. मग व्यायाम कोणता, तो घरी करता येण्याजोगा आहे काय, सुगीच्या दिवसांत तो कोण करील, हे कोणास कळावे? आपल्या औषधी दुकानदारांकडेच याचे निम्मे उत्तर आहे. तेलाची एक बाटली नेऊन पुन्हा न फिरकलेला रुग्ण त्यांना ठाऊक असतो.

लोकांकडून शिकण्यात आयुर्वेदास कमीपणा नाही. वनस्पतींची नावे व रूपे गुराखी, मेंढपाळ आणि वनवासी जाणतात, असे चरकाचार्य सूत्रस्थानाच्या पहिल्याच अध्यायात सांगतात. (तेवढ्याने प्रयोग कळत नाही, हेही ते लगेच सांगतात, आमचे काही उत्साही मित्र ते विसरतात.)

म्हणून संघटनेच्या प्रत्येक तालुका शाखेने एक छोटा गट करावा, असे आम्ही सुचवितो. त्यात वैद्य, फिजिओथेरपिस्ट, औषधविक्रेते आणि किमान निम्मे जुने रुग्ण असावेत. ‘गुडघा सुधारला तर प्रथम काय करता यावे?’ हा प्रश्न त्यांनी ठरवावा व त्यावरूनच मापन ठरावे. नीतिसमितीची अनुमती आणि चाचणी असल्यास क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत पूर्वनोंद हवीच. निष्कर्ष प्रतिकूल आले तरी ते प्रथम त्या रुग्णांसमोर मराठीत वाचून दाखवावेत. बैठक सायंकाळी, कामावरून परतण्याच्या वेळेनंतर घ्यावी. आणि सतरंजीऐवजी खुर्च्या मांडाव्यात.