खेळ हवा, हजेरी नको

शुक्रवारी दुपारी संगणकाच्या कॅलेंडरवर एक निमंत्रण येऊन पडते. ‘व्हर्च्युअल फन अवर, सायंकाळी सहा ते सात. सर्वांनी कॅमेरा सुरू ठेवून सहभागी व्हावे, उपस्थिती अपेक्षित.’ घरून काम करणाऱ्या अनेकांना हे निमंत्रण ओळखीचे आहे. त्यामागचा हेतू वाईट नसतो. पुणे, नागपूर, बेंगळुरू अशा वेगवेगळ्या गावांत आपापल्या घरी बसलेल्या माणसांनी तासभर एकत्र हसावे, इतकीच मनुष्यबळ विभागाची इच्छा असते. पण आठवडाभराच्या मीटिंगांनी डोळे चुरचुरत असताना आणि स्वयंपाकघरात कुकर लावायचा राहिलेला असताना आलेली ही गंमत अनेकांना आणखी एक मीटिंगच वाटते.

हा विषय किरकोळ म्हणून सोडून देण्यासारखा नाही. ऑनलाइन खेळांनी दूरस्थ कर्मचाऱ्यांचे आरोग्य सुधारते की थकवा वाढतो, या प्रश्नावर गेल्या काही वर्षांत बरेच संशोधन हाती आले आहे. त्याचा सूर असा, की दोन्ही घडू शकते. काय घडेल हे खेळ कोणता यापेक्षा तो कोणत्या अटींवर खेळवला जातो, यावर अधिक ठरते.

आधी हरवले काय, ते पाहू. मायक्रोसॉफ्टच्या अमेरिकेतील ६१ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांच्या संपर्काचा अभ्यास २०२१ मध्ये ‘नेचर ह्यूमन बिहेवियर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. २०२० च्या पहिल्या सहामाहीत सर्वजण घरी गेल्यावर लोक आपापल्या गटात अधिक घट्ट झाले; वेगवेगळ्या गटांना जोडणारे दुवे मात्र विरळ झाले, असे त्यात दिसले. म्हणजे रोजच्या आठ माणसांशी बोलणे सुरूच राहिले. आटले ते शेजारच्या विभागातल्या माणसाशी चहाच्या टपरीवर, लिफ्टमध्ये किंवा डबा खाताना होणारे बोलणे. अडचणीत कोणाला विचारायचे, कोणाकडे मन मोकळे करायचे, हे अशाच बिनकामाच्या बोलण्यातून कळत असते. जे नोकरीला लागले तेच घरून, त्यांच्या वाट्याला तर हे बोलणे कधी आलेच नाही. आता अनेक कंपन्यांनी लोकांना कार्यालयात बोलावले आहे. तरीही टीम निरनिराळ्या शहरांत आणि ग्राहक अमेरिकेत असल्याने कार्यालयातल्या खुर्चीतूनही बोलणे पडद्याशीच होते.

एकटेपणा ही आता केवळ मनाची कुरकुर मानली जात नाही. अमेरिकेचे तत्कालीन सर्जन जनरल डॉ. विवेक मूर्ती यांनी २०२३ मध्ये त्याविषयी देशाला जाहीर इशारा दिला. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने जून २०२५ मध्ये दिलेल्या अहवालानुसार जगात दर सहा माणसांमागे एकाला एकटेपणा ग्रासतो आणि वर्षाला सुमारे ८ लाख ७१ हजार मृत्यूंशी त्याचा संबंध जोडता येतो. हृदयविकार, पक्षाघात, मधुमेह, नैराश्य यांचा धोका त्याने वाढतो. त्यामुळे सहकाऱ्यांमध्ये जिव्हाळा निर्माण व्हावा, यासाठी कंपनीने हातपाय हलवणे योग्यच आहे.

खेळाने तो निर्माण होतो का? एकत्र हसण्याला शरीर दाद देते, याचे पुरावे आहेत. ऑक्सफर्डचे मानववंशशास्त्रज्ञ रॉबिन डनबार यांच्या चमूने विनोदी चित्रफिती दाखवून पोटभर हसवलेल्या लोकांची वेदना सोसण्याची क्षमता मोजली, तेव्हा ती वाढलेली आढळली. फिनलंडमधील तुर्कू विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये मेंदूच्या पेट स्कॅनमधून दाखवले, की मित्रांबरोबर हसल्यावर मेंदूत एंडॉर्फिनसारखी नैसर्गिक वेदनाशामक द्रव्ये पाझरतात. आपलेपणाची भावना घट्ट करण्यात याच द्रव्यांचा हात असतो, असे मानले जाते.

खेळाचा कामावरील परिणाम अमेरिकेतील ब्रिगहॅम यंग विद्यापीठाने तपासला. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात एकमेकांना अनोळखी असलेल्या साडेतीनशे लोकांच्या ८० टीम केल्या. काही टीमनी ४५ मिनिटे व्हिडिओ गेम खेळला, काहींनी कामाच्या उद्दिष्टांवर चर्चा केली, तर काही जण आपापला अभ्यास करत शांत बसले. नंतरच्या सामूहिक कामात खेळलेल्या टीमची कामगिरी सुमारे २० टक्क्यांनी सुधारली. गंमत अशी, की ‘आमची एकी वाढली’ असे अधिक ठामपणे सांगितले ते चर्चा करणाऱ्यांनी. कामात सुधारणा दिसली ती मात्र खेळणाऱ्यांची. अर्थात ही माणसे नव्याने एकत्र आलेली होती आणि परिणाम लगेच मोजला गेला. तो किती महिने टिकतो, हे या प्रयोगातून कळत नाही. मात्र नव्या टीमला खेळाचा उपयोग होतो, एवढे म्हणायला तो पुरेसा आहे.

मग शुक्रवारचे निमंत्रण नकोसे का होते? पहिले कारण संमती. व्हार्टन स्कूलचे एथन मॉलिक आणि नॅन्सी रॉथबार्ड यांनी विक्री विभागातील कर्मचाऱ्यांवर एक प्रयोग केला. कामाच्या जागी आणलेला खेळ ज्यांनी मनापासून स्वीकारला, त्यांना कामावर अधिक प्रसन्न वाटले. ज्यांना तो लादलेला वाटला, त्यांचे मन उलट खट्टू झाले. खेळ तोच होता, फरक मनाच्या होकाराचा होता. मुलांना मैदानावर ढकलून ‘खेळा’ म्हटले की ती कशी रुसतात, हे घराघरांत ठाऊक आहे. मोठ्यांनाही तोच न्याय लागू पडतो; फक्त मोठ्यांना रुसता येत नाही. मॅनेजर बघत असतो, म्हणून ते हसरा चेहरा करून बसतात. तो चेहरा तासभर टिकवणे हेही कामच असते.

दुसरे कारण पडदा. स्टॅनफर्डचे जेरेमी बेलन्सन यांनी २०२१ मध्ये व्हिडिओ कॉलच्या थकव्याची चार कारणे मांडली : अनेक चेहरे एकाच वेळी जवळून रोखून पाहत असल्याचा भास, स्वतःचा चेहरा सतत आरशासारखा समोर असणे, कॅमेऱ्याच्या चौकटीत जखडून बसावे लागणे आणि हावभाव ओळखण्यासाठी व दाखवण्यासाठी मेंदूला पडणारे जादा कष्ट. याच गटाने दहा हजारांहून अधिक लोकांची पाहणी केली. कॉलनंतर खूप किंवा अतिशय थकल्याचे १३.८ टक्के स्त्रियांनी सांगितले. पुरुषांत हे प्रमाण ५.५ टक्के होते. आणखी एका अमेरिकी अभ्यासात १०३ कर्मचाऱ्यांवर चार आठवडे कॅमेरा सुरू आणि बंद ठेवून प्रयोग झाला. कॅमेरा सुरू ठेवल्याने थकवा वाढला आणि तो स्त्रिया व नवे कर्मचारी यांच्यात अधिक होता. आपलेपणाची सर्वाधिक गरज नव्या माणसाला असते आणि कॅमेरा सर्वाधिक दमवतो तोही त्यालाच. ‘कॅमेरा सुरू ठेवावा’ ही एक ओळ खेळाचा निम्मा फायदा तिथेच घालवू शकते.

तिसरे कारण तंत्राचे आहे. प्रत्यक्ष गप्पांत एकाचे बोलणे संपून दुसऱ्याचे सुरू व्हायला क्षणाचा अंश पुरतो. मिशिगन विद्यापीठाच्या अभ्यासात हे अंतर समोरासमोर सरासरी १३५ मिलीसेकंद, तर झूमवर ४८७ मिलीसेकंद भरले. ऐकायला हा फरक क्षुल्लक वाटतो, पण विनोदाचा सारा जीव त्या क्षणातच असतो. हशा उशिरा पोचतो, दोघे एकदम बोलतात, मग दोघेही थांबतात. म्हणून गाण्याच्या भेंड्या पडद्यावर एकेकट्याने गाऊन जमतात. कोरसमध्ये, टाळ्यांच्या ठेक्यावर जमत नाहीत. आवाज पोचायला साधारण ३० मिलीसेकंदांहून अधिक उशीर झाला, तर कसलेल्या वादकांनाही एकत्र ताल धरणे अवघड जाते. त्यातच कॉलची बहुतेक सॉफ्टवेअर एका वेळी एकाच आवाजाला पुढे आणून बाकीचे दाबतात. एकत्र हसण्याचे जे फायदे वर सांगितले, ते एका खोलीत बसलेल्या लोकांत दिसले होते, हेही विसरता कामा नये.

यावरून कोणता खेळ निवडावा, हे बरेचसे ठरते. पडद्याकडे टक लावावी लागणार नाही, एका सुरात बोलावे लागणार नाही आणि चार-पाच जणांच्या गटात प्रत्येकाची पाळी येईल, असा खेळ चांगला. शाळेत मागच्या बाकावर रंगणारे ‘नाव-गाव-फळ-फूल’ या कसोटीला पुरेपूर उतरते. एक अक्षर द्यायचे, दोन मिनिटे कागदावर लिहायचे आणि मग वाचून गुण मोजायचे. कॅमेरा लागत नाही, डोळे पडद्यावरून हटतात आणि कोणी आपल्या आजोळचे अनोळखी गाव लिहिले, की त्यावरून गप्पा निघतात. चित्र काढून शब्द ओळखण्याचे खेळ, लहान गटातली प्रश्नमंजूषा हेही चालते. ज्यांना एका वेळी जमणे अवघड, त्यांच्यासाठी दिवसाला एकच चाल करायची अशी बुद्धिबळाची ऑनलाइन स्पर्धा असते. रात्रपाळी करणारा आणि दिवसा काम करणारा, दोघे त्यात आपापल्या सवडीने भिडू शकतात.

सर्वांत स्वस्त उपक्रमाला तर खेळ म्हणण्याचीही गरज नाही. वेगवेगळ्या विभागांतील दोघांची जोडी लावायची आणि दोघांनी आठवड्यातून एकदा दहा मिनिटे चालत फोनवर बोलायचे. पडदा नाही, कॅमेरा नाही. मायक्रोसॉफ्टच्या अभ्यासात तुटलेले दिसले ते गटांमधले दुवे यातून थोडेफार जुळू शकतात. आठ जणांची तीच टीम पुन्हा पुन्हा खेळवून ते जुळणारे नाहीत. शिवाय पाय मोकळे होतात, हा वेगळा लाभ. कोलंबिया विद्यापीठाच्या २०२३ मधील छोट्या प्रयोगात दर अर्ध्या तासाने पाच मिनिटे चालल्यास, दिवसभर बसून राहण्याच्या तुलनेत, जेवणानंतर वाढणारी रक्तातील साखर ५८ टक्क्यांनी कमी उसळते, असे दिसले. प्रयोगात अवघे ११ जण होते, त्यामुळे आकडा शिरोधार्य मानू नये. पण खुर्चीतून उठावे, हा सल्ला त्यावर अवलंबून नाही.

इतके करूनही एक भ्रम टाळला पाहिजे. खेळ हा जादा कामावरचा उतारा नाही. ऑक्सफर्डचे विल्यम फ्लेमिंग यांनी ब्रिटनमधील २३३ संस्थांतील ४६ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांची माहिती तपासली. तिचे निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. ताणनियोजनाची शिबिरे, सजगतेचे वर्ग, आरोग्याची अॅप यांत भाग घेणाऱ्यांचे मानसिक स्वास्थ्य भाग न घेणाऱ्यांपेक्षा चांगले आढळले नाही. अपवाद ठरला तो स्वयंसेवी कामाच्या संधीचा. हा अभ्यास खेळांचा नव्हता, पण त्यातला धडा खेळांनाही लागू आहे. कामाचे तास, मनुष्यबळ आणि वेळापत्रक जसेच्या तसे ठेवून कर्मचाऱ्यालाच ‘आनंदी राहा’ सांगणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. रात्री अकराला ईमेल पाठवणाऱ्या कंपनीने शुक्रवारी तंबोला खेळवला, तर त्या तंबोल्यावर कोण विश्वास ठेवणार?

वेळेचा मुद्दा म्हणूनच सर्वांत महत्त्वाचा. सायंकाळी सहाचा खेळ कोणाच्या वेळेतून जातो, हे घराघरांत दिसते. ज्या बाईला त्याच वेळी मुलांचा अभ्यास, सासूबाईंचे औषध आणि रात्रीचा स्वयंपाक पाहायचा असतो, तिच्यासाठी तो विरंगुळा नसून उधारी असते. ती आली नाही, तर ‘टीममध्ये मिसळत नाही’ असा शेरा बसण्याची भीती. आली, तर पुढची कामे तासाने लांबणार. खेळ कंपनीच्या भल्यासाठी असेल, तर वेळही कंपनीने द्यायला हवा.

कामानंतर फोन-ईमेलला उत्तर न देण्याचा हक्क फ्रान्सने २०१७ पासून कायद्याने मान्य केला, ऑस्ट्रेलियाने २०२४ मध्ये. भारतात खासदार सुप्रिया सुळे यांनी त्यासाठीचे खासगी विधेयक लोकसभेत २०१८ च्या अखेरीस आणि पुन्हा डिसेंबर २०२५ मध्ये मांडले. तसा कायदा मात्र अजून झालेला नाही. तो होईल तेव्हा होवो. पण कामाबाहेरचा वेळ कर्मचाऱ्याचा आहे, हे मान्य करायला कंपनीला कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

करायचे ते फार अवघड नाही. खेळ कामाच्या वेळेत, शक्यतो दुपारी ठेवावा आणि त्यासाठी त्या आठवड्यातली एक मीटिंग रद्द करावी. अर्ध्या तासाहून तो लांबवू नये. कॅमेरा ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोडावा. गट लहान आणि वेगवेगळ्या विभागांतून निवडलेला असावा. कोणता खेळ खेळायचा, हे खेळणाऱ्यांनी ठरवावे. मॅनेजरने खेळाडू म्हणून यावे, परीक्षक म्हणून नव्हे. आणि हजेरी घेऊ नये. न आलेल्याला कारण विचारले जाणार नाही, हे सर्वांना आधीच स्पष्ट सांगावे.

ही शेवटची अट कंपन्यांना सर्वांत जड जाईल, कारण ‘उपक्रमात ९५ टक्के सहभाग’ असा आकडा वार्षिक अहवालात शोभून दिसतो. पण सक्तीने भरलेल्या पटावरून काहीच कळत नाही. हजेरी ऐच्छिक ठेवून पाहावी. दोन महिन्यांनी चौघेच उरले, तर तीही उपयोगी माहिती आहे. लोकांना खेळ नको नसतात. बहुधा त्याआधी थोडी उसंत हवी असते. ती कोठून काढायची, हा प्रश्न मग मनुष्यबळ विभागाने खेळ आखण्याआधी व्यवस्थापनाला विचारायला हवा.