उसन्या मुळांचा वंशवृक्ष

बारामती-इंदापूर भागातल्या आपल्या काही ख्रिस्ती घरांत अलीकडे वंशवृक्ष रेखाटून भिंतीवर लावण्याची हौस दिसू लागली आहे. हौस चांगली; पण त्या वृक्षाच्या बुंध्याशी बहुधा एक जर्मन फादर उभा असतो. ‘आमच्या पणजोबांना जर्मन फादरांनी स्नानसंस्कार दिला,’ असे अभिमानाने सांगितले जाते. त्या पणजोबांचे नाव काय, गाव कोणते, पणजी कोणाची लेक, असे आम्ही विचारले की घर गप्प होते. या गप्प बसण्याविरुद्ध आमची तक्रार आहे.

जर्मन येशूसंघीयांचे ऋण आम्ही नाकारीत नाही. 1850 च्या दशकात ते मुंबई-पुण्याच्या मिशनांत आले आणि पुढे अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील खेड्यांत पोहोचले. त्यांच्यापैकी हेन्री डोरिंग यांनी केंदळ येथे 1903 साली ‘निरोप्या’ सुरू केला. 1907 साली ते पुण्याचे बिशप झाले. पहिल्या महायुद्धाने त्यांना धर्मप्रांतापासून तोडले. 1921 साली त्यांच्यावर जपानमधील हिरोशिमाची जबाबदारी आली आणि 1927 साली पुन्हा पुण्यासाठी त्यांची नेमणूक झाली. अशी माणसे आमचे श्रद्धेतील पूर्वज खरेच. परंतु ब्रह्मचारी धर्मगुरूला आपल्या रक्ताच्या वंशवृक्षाचे मूळ ठरविणे हा त्यांचाही गौरव नव्हे आणि आपल्या आजोबांचा तर उघड अवमान आहे.

ट्रेंट येथील धर्मसभेने 1563 साली विवाहांची नोंदवही ठेवणे धर्मगुरूंना बंधनकारक केले. अशा वह्यांमुळे जर्मनीतील साध्या शेतकऱ्यालाही आपल्या कित्येक पिढ्या शोधता येतात. इकडे त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांनी यजमानांच्या पिढ्या लिहून ठेवल्या. पण ज्यांना पंढरपूरचे मंदिर 1947 पर्यंत बंद होते, त्यांची वंशावळ कोण आस्थेने लिहिणार? आपल्यातील अनेक घराण्यांचे नाव आस्थेने लिहिले गेले ते स्नानसंस्काराच्या नोंदवहीत, लॅटिन भाषेत आणि त्याच जर्मन फादरांच्या हाताने: बालकाचे नाव, आईबापांची नावे, धर्मपिता-धर्ममाता, गाव, तारीख. आपण लिहिणाऱ्या हाताची पूजा मांडली आणि त्या हाताने लिहिलेली नावे विसरलो!

का विसरलो? कारण त्या नावांना महारवाड्याची, मांगवाड्याची धूळ आहे. मग कोणी मूळ पुरुष ब्राह्मण असल्याचे सांगतो, तर कोणी पोर्तुगीज आडनावाचा आधार घेतो. आणि मुलाच्या प्रवेशाची वेळ आली की धावाधाव सुरू होते! अनुसूचित जातींतून ख्रिस्ती झालेल्यांना महाराष्ट्रात इतर मागासवर्गांत गणले जाते आणि त्या दाखल्यासाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागितला जातो. ज्या आजोबांना भिंतीवर जागा नव्हती, त्यांचे नाव मग प्रतिज्ञापत्रावर हवे असते.

‘ख्रिस्तात जात नाही, जुने कशाला उकरायचे?’ असा आक्षेप आम्हांस ठाऊक आहे. आक्षेपकांनी मत्तयाच्या शुभवर्तमानाचा पहिलाच अध्याय उघडावा. तिथे प्रभूच्या वंशावळीत तामार आहे, वेश्या राहाब आहे, परदेशी रूथ आहे, उरियाची पत्नी आहे. शुभवर्तमानकाराने या स्त्रियांना झाकले नाही. जात मानू नये हे खरे; पण जातीने ज्यांना चिरडले त्यांना लपविणे म्हणजे जात न मानणे नव्हे. तो जातीचाच विजय होय.

आता शोध कसा घ्यावा? आपल्यापैकी अनेकांची मुळे या दोन तालुक्यांत नाहीत. नीरा डाव्या कालव्याने ऊस आणला, 1930 च्या दशकात इंदापूर तालुक्यात वालचंदनगरचा साखर कारखाना उभा राहिला आणि कामाच्या शोधात माणसे आली. म्हणून येथील वहीत आजोबा सापडले नाहीत, तर निराश होऊ नये. आईवडिलांच्या विवाहाच्या नोंदीपासून मागे जावे. कॅथलिक व्यक्तीचा विवाह झाला की तो तिच्या स्नानसंस्काराच्या नोंदीतही टिपायचा असतो. म्हणून विवाहाच्या कागदांवरून मूळ धर्मग्राम सापडू शकते. बारामतीत ऑस्ट्रेलियातील चर्च ऑफ ख्राइस्टचे मिशनही होते. काही घरांचा धागा तिकडे निघेल.

पण वही तरी शिल्लक हवी! एका धर्मग्रामात आम्ही जुनी नोंदवही मागितली, तेव्हा वाळवीने कुरतडलेली पाने आमच्या हातांत आली. जुन्या वह्या काळजीपूर्वक जतन कराव्यात, हा धर्मसभेचाच नियम आहे. प्रत्येक पानाचे छायाचित्र घ्यावे आणि एक प्रत बिशपांच्या कार्यालयात ठेवावी. मंदिराच्या रंगरंगोटीला वर्गणी मिळते. या कामाला मिळू नये काय?

आणि घरोघरी आज्या अजून आहेत, तोवर त्यांच्यापाशी बसावे. माहेरचे गाव, कोरड्या सालांची आठवण, बदललेले आडनाव, सारे लिहून घ्यावे. मग वंशवृक्ष अवश्य लावावा. जर्मन फादरांची तसबीर शेजारी शोभेल. बुंध्याशी मात्र ज्याने गुडघे टेकून ते पाणी मस्तकावर घेतले, त्याचेच नाव असले पाहिजे.