काचेआडचे दिरहम

‘वायकिंगांच्या कफनावर अल्लाहचे नाव!’ हा फॉरवर्ड आपल्यापैकी बहुतेकांच्या फोनवर येऊन गेला असेल. वर्गात मुलांनीही विचारले होते, ‘सर, खरं आहे का?’ त्यामुळे सुट्टीत भावाकडे स्टॉकहोमला गेलो तेव्हा तिथल्या इतिहास संग्रहालयातले वायकिंग दालन आधी गाठले.

कापडाचा दावा २०१७ साली उप्साला विद्यापीठातील संशोधक अनिका लार्सन यांनी केला. इस्लामी कलेच्या अभ्यासक स्टेफनी मल्डर यांनी लगेच दाखवून दिले की तशी चौकोनी कूफी लिपी प्रचारात आली ती त्या कापडानंतर सुमारे ५०० वर्षांनी. फॉरवर्ड पाठवणाऱ्यांनी हा दुसरा भाग कधी पाठवला नाही.

तलवारी, कंगवे, गळ्यातले मणी पाहून झाले आणि चांदीच्या नाण्यांपाशी पाय थांबले. काचेवर दिव्यांची तिरीप होती. पुतण्या म्हणाला, ‘बडे अब्बा, फ्लॅश बंद करा, फोन काचेला टेकवा.’ तसे केले. फोटो मोठा केला, तर कूफी अक्षरांत स्वच्छ ‘ला इलाह इल्लल्लाह’. घशाशी काहीतरी दाटून आले. हा अब्बासी, सामानी राजवटींतला पैसा. बगदाद, समरकंदच्या टाकसाळींतून व्होल्गामार्गे इथवर आलेला. याच देशातल्या गोटलंड बेटावर १९९९ साली ६७ किलो चांदी सापडली. त्यात चौदा हजारांवर नाणी, बहुतेक इस्लामी जगातली.

शेजारी अर्धे कापलेले दिरहम होते. कलमा मधोमध तुटलेला. भाभी पुटपुटल्या, ‘तौबा!’ पण वायकिंगांना अक्षरांशी देणेघेणे नव्हते. त्यांच्या लेखी ती चांदी. हवी तेवढी तोडायची, छोट्या तराजूत तोलायची. बिरका इथल्या एका बाईच्या कबरीतल्या अंगठीवरही ‘अल्लाह’ वाचले जाते. मात्र ती अक्षरे ओबडधोबड आहेत आणि तज्ज्ञांचे त्यावर एकमत नाही. तिचा फोटो काढला, फॉरवर्ड मात्र केला नाही.

शाळा उघडल्यावर मुलांना दिरहमचा फोटो दाखवला. सगळी खूश. मागच्या बाकावरच्या मुलीने विचारले, ‘सर, एवढ्या चांदीच्या बदल्यात त्यांनी काय विकलं?’

आम्ही म्हणालो, ‘फरची कातडी, तलवारी, मध. आणि माणसं.’

‘माणसं? विकत कोणी घेतली?’

क्षणभर वाटले, तास संपल्याची घंटा व्हावी. मग सांगितले, ‘बेटा, आपल्याच लोकांनी. बगदादच्या आणि मध्य आशियाच्या बाजारांत.’