खरखर रेडिओची नाही, आपली आहे

"रेडिओ आता ऐकतं कोण?" ह्या प्रश्नाला आमच्या पिढीचं उत्तर ठरलेलं असतं. गाडीत एफएम, बाकी सगळं मोबाईलवर. पण पुण्यात अशी घरं अजून आहेत जिथे दिवस ७९२ किलोहर्ट्झवर, म्हणजे आकाशवाणीच्या पुणे केंद्रावर सुरू होतो. आमचं घर त्यातलंच. आजीचा ट्रान्झिस्टर माझ्यापेक्षा वयाने मोठा आहे आणि त्यात खरखर आली की येणारा-जाणारा प्रत्येक जण एकच निदान करतो: "आजी, सेट जुना झाला, टाकून द्या."

माझं म्हणणं एवढंच, की सेट ठणठणीत आहे. कचरा आपण केलाय.

म्हणजे कसं, बघा. मोबाईलचा चार्जर, एलईडी दिवा, टीव्ही, राऊटर ह्या सगळ्यांच्या पोटात एसएमपीएस असतो. तो विजेचा प्रवाह सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतो. म्हणूनच तो लहान, हलका आणि स्वस्त असतो. पण ही चालू-बंद एका फ्रिक्वेन्सीवर थांबत नाही, तिच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे गुणक पुढे उमटत जातात. समजा चार्जर ६६ किलोहर्ट्झवर चालतोय. त्याचा बारावा गुणक किती? ६६ गुणिले १२, बरोबर ७९२! :) आणि भिंतीतली सगळी वायरिंग त्याला अँटेना म्हणून फुकट मिळते.

हे थांबवणारी फिल्टरची कॉइल आणि कपॅसिटर काही रुपयांत येतात. चांगल्या चार्जरमध्ये ते असतात, रस्त्यावरच्या पन्नास रुपयांच्या चार्जरमध्ये बहुतेकदा त्यांची जागा रिकामी असते. पैसे वाचतात घेणाऱ्याचे, भुर्दंड पडतो ऐकणाऱ्याला. धूर सोडणाऱ्या रिक्षेचं जे गणित, तेच इथे. फरक इतकाच की हा धूर दिसत नाही.

हा प्रश्न नवा नाही. रेडिओला होणारा विजेच्या उपकरणांचा त्रास आटोक्यात ठेवण्यासाठी सीस्पर ही आंतरराष्ट्रीय समिती १९३४ सालीच स्थापन झाली. आपल्याकडे चार्जर आणि एलईडी दिव्यांना बीआयएसची नोंदणी सक्तीची आहे, पण त्या नोंदणीचा भर शॉक बसू नये, आग लागू नये ह्यावर आहे. ते हवंच. पण उजाला योजनेत २०१५ पासून ३६ कोटींहून जास्त एलईडी दिवे वाटणाऱ्या देशात खरखरीची तपासणीही तितकीच सक्तीची का नसावी?

असो. सरकार जागं होईपर्यंत आपण काय करायचं? आपण डीबगिंग करणारी माणसं, तेच करू.

सेलवर चालणारा रेडिओ घ्या, मीडियम वेव्हवर रिकामी जागा लावा आणि घरच्यांना सांगून मेन स्विच बंद करा. इन्व्हर्टरही बंद करा, नाहीतर अर्धं घर चालूच राहतं. खरखर गेली? मग चोर घरातच आहे. आता एकेक एमसीबी चालू करत जा, नंतर त्या खोलीतला एकेक प्लग. मेन बंद करूनही खरखर राहिली, तर ती शेजारून किंवा बाहेरच्या लाइनवरून येतेय.

चोर सापडला की उपाय सोपे आहेत. पहिला, तो बदला किंवा काम नसताना प्लगवरचं बटण बंद करा. दुसरा, रेडिओ लांब ठेवा. अगदी जवळ असताना अंतर दुप्पट केलं तर चार्जरचं स्वतःचं चुंबकीय क्षेत्र साधारण आठवा हिस्सा उरतं. तिसरा, रेडिओ गोल फिरवून बघा. आतल्या फेराइटच्या कांडीचं टोक चोराकडे झालं की आवाज एकदम पडतो. चौथा, पंख्याचा सलग फिरणारा रेग्युलेटर घुंघुं करत असेल तर टकटक पायऱ्यांचा कपॅसिटरवाला बसवा. आणि वायरीला फेराइटचा मणी एकदाच अडकवून फार काही होत नाही. मीडियम वेव्हसाठी मोठ्या कड्यातून त्याच वायरीचे सात-आठ वेढे घ्यावे लागतात.

"एवढा खटाटोप कशाला? ॲप आहे की!" असं कुणी म्हणेल. २६ जुलै २००५ आठवा. मुंबईत मोबाईल नेटवर्क कोलमडलं होतं. अशा वेळी दोन सेलवर चालणारी आणि शेकडो किलोमीटरवरून ऐकू येणारी एकच गोष्ट घरात असते. गंमत म्हणजे वीज गेल्यावर ती सगळ्यात स्वच्छ ऐकू येते, कारण आपली उपकरणं बंद पडलेली असतात.

२०२३ मध्ये अमेरिकेत फोर्डने नव्या गाड्यांतून एएम रेडिओ काढायचं ठरवलं आणि ओरड झाल्यावर निर्णय फिरवला. तिथे ऐकणारे ओरडले. आपल्याकडे ऐकणाऱ्या बहुतेक आज्या आहेत. त्या ओरडत नाहीत, आवाज थोडा वाढवतात आणि एक दिवस सेट माळ्यावर ठेवून देतात. म्हणून पुढचा चार्जर घेताना वीस-तीस रुपये जास्त द्या, आणि घरी आणल्यावर एकदा रेडिओशेजारी लावून बघा. खरखरला, तर दुकानदाराला परत करा. कारणही सांगा.