सोने संपल्यावर काय उरते?

ऑस्ट्रेलियाच्या पश्चिमेकडील रुक्ष प्रदेशात कूलगार्डी नावाचे एक गाव आहे. १८९२ साली तेथे सोने सापडले आणि काही वर्षांतच ओसाड माळावर सुमारे पंधरा हजार माणसांचे नगर उभे राहिले. आज तेथे हजारभरही वस्ती नाही. नगराला साजेशा दगडी इमारती आणि अतिरुंद रस्ते मात्र जागच्या जागी आहेत व ते पाहण्यासाठी दूरदूरचे प्रवासी जातात. तेथून उत्तरेस ग्वालिया हे खाणकामगारांचे गाव आहे. पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेल्या हर्बर्ट हूवर यांनी तरुणपणी अभियंता म्हणून तेथील खाणीवर काम केले होते. १९६३ च्या डिसेंबरात ही खाण बंद झाली आणि सुमारे बाराशे वस्तीचे गाव तीन आठवड्यांत जवळजवळ ओस पडले. कामगारांची पत्र्याची घरे तेथे जपून ठेवण्यात आली आहेत.

अशा उजाड गावांना भेटी देणे हा फुरसतीच्या धनिकांचा छंद होय, अशी आपल्याकडे समजूत आहे. ती एकांगी आहे. सुबत्तेच्या काळात हाती आलेल्या धनाचे एखाद्या समाजाने काय केले, याचा इतका उघडा जमाखर्च अन्यत्र क्वचितच वाचावयास मिळतो.

कूलगार्डी व शेजारच्या कॅलगुर्लीत सोने विपुल होते, पाणी नव्हते. अफगाणिस्तान आणि वायव्य हिंदुस्थानातून गेलेले उंटवाले त्या वाळवंटात मालाची ने-आण करीत. अखेर पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या सरकारने पंचवीस लाख पौंडांचे कर्ज काढून पर्थजवळच्या धरणापासून सुमारे ५६० किलोमीटर लांबीची जलवाहिनी टाकली. ही योजना आखणारे मुख्य अभियंता सी. वाय. ओ'कॉनर यांनी टीकेच्या भडिमारात १९०२ साली आत्महत्या केली. पुढच्याच वर्षी पाणी कॅलगुर्लीस पोचले. कूलगार्डीचे वैभव लयास गेले, परंतु या योजनेचे पाणी आजही वाटेवरील गव्हाच्या प्रदेशास मिळते. याच जमाखर्चात नावेची बाजूही आहे. ज्या मूळ रहिवाशांची ती भूमी, त्यांच्या वाट्याला विस्थापन आले.

हिंगोलीच्या वाचकास हा प्रदेश फार दूरचा वाटेल. तथापि १९५६ पर्यंत हिंगोली ज्या हैदराबाद राज्यात होती, त्याच राज्याच्या रायचूर जिल्ह्यात हट्टीची सोन्याची खाण होती. तेथे प्राचीन काळच्या खोल खोदकामाचे अवशेष सापडले आहेत. १९४७ साली हैदराबाद गोल्ड माइन्स ही कंपनी स्थापन झाली. राज्यपुनर्रचनेत रायचूर म्हैसूरकडे गेले, परभणी जिल्ह्यासह हिंगोली मुंबई राज्यात आली आणि एकेकाळी आपल्याच राज्यात असलेल्या या खाणीचा मराठवाड्याला विसर पडला. ती खाण आजही चालू आहे.

कोलारची कथा निराळी आहे. १८८० पासून लंडनच्या जॉन टेलर अँड सन्स या पेढीच्या व्यवस्थापनाखाली तेथे आधुनिक खोदकाम सुरू झाले. १९०२ साली शिवनसमुद्रची वीज कोलारच्या खाणींना मिळाली. देशातील बहुसंख्य शहरे तेव्हा अंधारात होती. खाण तीन किलोमीटरहून खोल गेली आणि एकंदर सुमारे आठशे टन सोने तिच्यातून निघाले. १९६५ साली याच खाणीच्या पोटात शास्त्रज्ञांनी वातावरणातील न्यूट्रिनो कणांचा वेध घेतला. परंतु भरभराटीच्या काळातील लाभांश लंडनच्या भागधारकांना गेला. कामगार मुख्यतः तमिळभाषक व दलित होते. पिढ्यान्‌पिढ्या जमिनीखाली राबूनही त्यांच्याजवळ खाणीखेरीज दुसरे उपजीविकेचे साधन तयार झाले नाही. २८ फेब्रुवारी २००१ रोजी खाण बंद झाली. उरले ते सायनाइडयुक्त मातीचे डोंगर आणि पोटासाठी रोज रेल्वेने बंगळूरला जाणारी माणसे.

हिंगोलीचा सोन्याशी संबंध उपमेपुरताच आहे, पण ही उपमा आपणच आवडीने वापरतो. निजामाच्या कंटिंजंट फौजेच्या छावणीने हिंगोलीला एकेकाळी महत्त्व दिले. १९०३ साली ती फौज हिंदी लष्करात विलीन झाली आणि छावणीचे दिवस सरले. पुढे कापूस हे पांढरे सोने ठरले. आज हळद हे पिवळे सोने आहे. २०२४ साली वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकनही मिळाले.

खाण रिकामी होते, शेत दरसाल पिकते, तेव्हा ही तुलना गैरलागू आहे, असा आक्षेप कोणी घेईल. तो अर्धाच खरा आहे. हळद आठ-नऊ महिने शेत अडवते आणि भरपूर पाणी पिते. विहिरी-बोअरचे पाणी पावसाने भरून निघते त्याहून अधिक उपसले, तर ते खाणकामच होय. शिवाय भाव चढला की क्षेत्र वाढते आणि क्षेत्र वाढले की भाव कोसळतो. बेणे, खत, शिजवणी व मजुरीचा खर्च मात्र खाली येत नाही. हळकुंडे पोत्यांत भरून बाहेर गेली आणि दळणे, बांधणे, तपासणे ही कामे अन्यत्र झाली, तर नफ्याचा मोठा वाटा त्यांच्यामागोमाग जाणार, हे ओघानेच आले.

औंढा नागनाथजवळ उभारावयाच्या लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेस केंद्र सरकारने २०२३ साली सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले, ही अभिमानाची गोष्ट आहे. पण विज्ञानाचा दिवा कोलारच्या खाणीतही लागला होता. त्याने गावाचा संसार उजळला नाही. त्या वेधशाळेत काम करू शकणारे तंत्रज्ञ येथील शाळा-महाविद्यालयांतून घडावेत, याची तजवीज आजपासून झाली पाहिजे.

तेजीच्या वर्षी खेडोपाडी नवी मोटार दिसते, मंगल कार्यालये गजबजतात. त्यात गैर काही नाही. मात्र त्याच वर्षी गावाच्या सोसायटीने गोदाम बांधले काय, बाजार समितीने प्रयोगशाळा उभारली काय, पाझर तलावांतील गाळ निघाला काय, हे प्रश्नही विचारले गेले पाहिजेत. भाव पडल्यावर यांसाठी पैसा उभा राहत नाही.

कर्नाटक व केंद्र सरकारने कोलारची खाणवस्ती जतन करावी आणि मराठवाड्यातील महाविद्यालयांनी आपल्या सहली कधीतरी हट्टी-कोलारकडेही वळवाव्यात. ज्याला जमणार नाही त्याने निदान आपल्या गावाचा गेल्या दहा वर्षांचा जमाखर्च मांडून पाहावा. हळदीचा भाव उद्या निम्म्यावर आला तर गावात काय शिल्लक राहील, याचे उत्तर त्यात सापडेल.